शून्य नंबरचा गणपती

आमचे सर जिना चढताना पायऱ्या मोजायचे आणि पहिल्या पायरीला ‘शून्य’ म्हणायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्याने. पेणच्या त्या गल्लीत सगळ्यांना ते सवयीचं झालं होतं. खाली काकूंचा गणपतीचा कारखाना, वर सरांचा कॉम्प्युटर क्लास आणि मधे तो लाकडी जिना. सरांचं ‘शून्य’ ऐकू आलं की काकू चहाचं आधण ठेवायच्या.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. दोन हजार साल उजाडलं की जगातली सगळी यंत्रं बंद पडणार, अशी आवई उठली होती आणि तरीही ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. सरांकडे दोन कॉम्प्युटर होते. एक धड चालायचा, दुसरा त्याच्या मर्जीने. खालून प्लास्टरची पांढरी धूळ वर यायची. ती आत जाऊ नये म्हणून सर दोघांवर घरचं जुनं सुती पातळ पांघरायचे. क्लास सुरू करताना ते पातळ हलक्या हाताने काढायचे, घडी घालून आपल्या खुर्चीवर ठेवायचे आणि त्यावर बसायचे. कॉम्प्युटरला ते ‘हा’ म्हणायचे. “ह्याला दोष देऊ नका. हा बिचारा सांगकाम्या. सांगणारे आपण.”

आम्हा सगळ्यांना, अगदी अकरावीतल्या पोरांनाही, ते ‘अहो’ म्हणायचे. “अहो, तुम्ही अर्धविराम खाल्लात,” हे त्यांचं रोजचं वाक्य. रागावले तरी ‘अहो’च. फारच रागावले तर खिशातून एक भाजलेला चिंचोका काढून तोंडात टाकायचे आणि तो फुटेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. त्या काळात क्लासमध्ये इतकी शांतता पसरायची की खालच्या कारखान्यात पॉलिश पेपर घासल्याचा आवाज वर यायचा.

चिंचोके खायलाच असत असं नाही. प्रोग्राम लिहिला की तो आधी माणसांवर चालवायचा, हा सरांचा दंडक होता. “कागदावर चाललं नाही ते काचेवर चालणार नाही.” मग आम्ही पोरंपोरी भिंतीला पाठ लावून ओळीने बसायचो. प्रत्येक जण यंत्राच्या स्मरणातलं एक घर. प्रत्येकाच्या ओंजळीत चिंचोके. सर प्रोग्राम मोठ्याने वाचायचे आणि आम्ही त्याबरहुकूम चिंचोके एकमेकांना द्यायचो, घ्यायचो, टाकून द्यायचो. शेवटी ज्याच्या हातात जितके हवेत तितके असले तरच कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, फी भरून ही मुलं बिट्ट्या खेळतायत.

ओळीतल्या पहिल्या मुलाला सर शून्य म्हणायचे. नवीन मूल हमखास विचारायचं, “सर, एक का नाही?” मग सर खुलायचे. “अहो, असं समजा की दहा खोल्यांची चाळ आहे. ह्या यंत्राच्या चाळीत पहिल्या खोलीचा नंबर शून्य, शेवटच्या खोलीचा नऊ. तुम्ही दहा नंबर शोधायला गेलात की शेजारच्याच्या घरात शिरलात. आणि तुम्ही एकपासून मोजलंत, की शून्य नंबरच्या खोलीत राहणाऱ्याचं दार कोणी कधी ठोठावणारच नाही. तो बिचारा आत बसून राहील.” त्या शून्य नंबरच्या माणसाबद्दल ते इतक्या कळवळ्याने बोलायचे की मला तो डोळ्यांसमोर दिसायचा, बनियन घालून दाराकडे बघत बसलेला.

सर राहायचे रोह्याला. मीही रोह्याची. वडील धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचे. मी बी.एस्सी. झाले तेव्हा मला पुढे कॉम्प्युटर शिकायचा होता आणि मोठे क्लास सगळे मुंबईला. वडिलांनी दोन वाक्यांत निकाल दिला, “मुंबई नाय. पेणपर्यंत जा, मास्तर संगतीला हायेत ना.” सरांच्या सोबतीने पॅसेंजरमधून जायचं आणि त्यांच्याच सोबतीने यायचं, ह्या एका अटीवर माझं शिक्षण उभं होतं.

एकदा मी त्यांना विचारलं, सर, तुम्ही रोह्याचे, मग क्लास पेणला का? ते म्हणाले, “आपली पॅसेंजर रोह्याला संपते. जिथे गाडी संपते तिथे क्लास काढू नये.” ह्याचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही आणि आजही नीटसा लागलेला नाही. काकूंनी भाडं फार थोडं लावलं होतं, हे खरं कारण असावं.

सिंगल लाइन. कासूला पॅसेंजर क्रॉसिंगसाठी उभी राहायची ती कधी किती वेळ, ह्याला धरबंध नव्हता. डब्यातली माणसं रेल्वेच्या नावाने बोटं मोडायची. सर मात्र आनंदाने खाली उतरायचे, फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे आणि मला शिकवायला लागायचे. शर्टाच्या खिशात खडू असायचाच. “बघा, ही गाडी बिघडलेली नाही. समोरच्या गाडीची वाट बघते आहे. प्रोग्राम थांबला की लगेच मेला म्हणू नका. तो तुमच्या उत्तरासाठी थांबला असेल.” माझी अर्धी सी लँग्वेज त्या कासूच्या बाकावर झाली.

आता ज्या परीक्षेसाठी हा सगळा खटाटोप चालला होता तिच्याविषयी. तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आम्ही नुसतं ‘सर्टिफिकेट’ म्हणायचो. ते असलं की पनवेल-ठाण्याकडच्या कंपन्या प्रोग्रामर म्हणून दारात उभं करायच्या, नसलं तर टायपिस्ट म्हणून. तिच्या दोन पायऱ्या होत्या, खालची आणि वरची. सरांच्या हाताखालची मुलं खालच्या पायरीला पटापट पास व्हायची. आणि स्वतः सर वरच्या पायरीला तीनदा नापास झाले होते.

हे ते लपवायचे नाहीत. उलट रंगवून सांगायचे. एकदा पेपरात विचारलं होतं, खालील प्रोग्राम काय छापेल? सरांनी उत्तर लिहिलं, ‘हा प्रोग्राम काहीही छापणार नाही, कारण तिसऱ्या ओळीत खोट आहे.’ तेवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी ती खोट कशी पडली, ती पेपर काढणाऱ्याच्या मनात कशी शिरली असावी आणि त्याने ती कशी टाळावी, ह्यावर पुरवणी घेऊन लिहिलं. तासभर. पुढचे प्रश्न कोरे. दुसऱ्या खेपेला परीक्षकाला उद्देशून एक छोटा प्रोग्रामच लिहून दिला, तोही चालणारा. “त्यांनी तो चालवून बघितला असता तर पटलं असतं हो,” सर म्हणायचे. दिनेश त्यावर कपाळाला हात लावायचा.

दिनेश हमरापूरचा. दिवसा काकूंकडे मूर्ती रंगवायचा आणि संध्याकाळी हात धुऊन वर यायचा; नखांत रंग तसाच असायचा. माझ्याच बॅचचा. तोंडाने फटकळ, पण सरांवर जीव. “सर, तुमाला पोहता येतंय, पण पान्याशी भांडण काढता,” असं तो त्यांना तोंडावर म्हणायचा आणि सर मनापासून हसायचे.

त्या वर्षी काकूंनी सरांना काम सांगितलं. त्यांचा बराचसा माल मुंबईला जायचा, पण गावातली आणि खाडीकडची ठरलेली गिऱ्हाइकं होती. कोणाची मूर्ती कुठली, हे इतकी वर्षं काकूंच्या डोक्यात असायचं. “आता इसरायला होतंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या यंत्रात घाला बगू.” सर हरखले. संध्याकाळभर काकू फळीवरच्या मूर्तींच्या ओळीने नावं सांगत गेल्या आणि सर वर-खाली करत ती टाइप करत गेले. मूर्तींच्या पाटाला मागून नंबराच्या चिठ्ठ्या दिनेशने आधीच डकवल्या होत्या. प्रिंटरने करकर करत कागद बाहेर काढला. काकूंनी तो देवाजवळ ठेवून हळदकुंकू वाहिलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काकू आतल्या खोलीत, शेवटच्या मूर्तींवर हात फिरवत. दारात मी आणि दिनेश. मी कागदावर नाव बघून नंबर सांगायचे, दिनेश त्या नंबरची मूर्ती उचलून द्यायचा. घरी जाईपर्यंत देवाचं तोंड झाकलेलं असायला हवं, म्हणून गर्दीच्या आधीच आम्ही सगळ्या मूर्ती तोंडापासून पाटापर्यंत फडक्यांनी झाकून ठेवल्या होत्या. काम कसं झरझर चाललं होतं. छापील कागद म्हटल्यावर कोणी शंकाही घेत नव्हतं.

दुपार कलल्यावर खाडीकडून जनूकाका आले. मिठागरावर काम करणारा काटक म्हातारा, डोक्याला टापशी. दरवर्षी पहिला बयाणा त्यांचा असायचा आणि न्यायला मात्र ते सगळ्यांत शेवटी यायचे, कारण मिठागरावरून सुटी झाल्याशिवाय निघता येत नसे.

“बघ गो पोरी, जनार्दन पाटील. पयलंच नाव असंल.”

पहिलंच होतं. मी नंबर वाचला आणि थबकले. “काका, शून्य.”

“शून्य म्हंजे?”

दिनेशने फळ्या पालथ्या घातल्या. शून्य नंबरची चिठ्ठी कुठल्याच मूर्तीला नव्हती. फळीवर एकच मूर्ती उरली होती, ओळीतली शेवटची, सिंहासनावरची, मुकुटवाली, जनूकाकांच्या घरच्या दारातून आतही गेली नसती अशी. काकांनी मला हळूच विचारलं, “माझा गणपती नाय काय?” मी कागद पुन्हा वरपासून वाचायला लागले.

तेवढ्यात शाळेतल्या एक बाई धापा टाकत आल्या. त्यांनी घरी जाऊन फडकं काढलं तर उजव्या सोंडेचा गणपती! त्यांच्याकडे डाव्या सोंडेचा. उजव्याचं सोवळं कोणाच्याने झेपणार? त्यांच्या मागोमाग बँकेतले एक साहेब. त्यांनी मोरावरचा सांगितला होता, निघाला उंदरावरचा.

सर जिन्यावरून खाली आले, कागद बघितला, फळी बघितली, आणि प्लास्टरच्या गोणीवर मटकन बसले. यंत्राने आपल्या रीतीने शून्यापासून नंबर दिले होते. दिनेशच्या चिठ्ठ्या एकपासून. अख्ख्या पेणमध्ये प्रत्येकाच्या घरी शेजारच्याचा गणपती जाऊन बसला होता.

“ह्याचं बरोबर आहे,” सर वरच्या कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाले. “दिनेशचंही बरोबर आहे. मधे मी होतो.” आणि त्यांनी चिंचोका तोंडात टाकला. मला वाटलं, आता झालं. पण चिंचोका फुटायच्या आतच ते उठले. “अहो दिनेश, टेम्पो बोलवा. शेवटापासून सुरुवात करायची. एक मूर्ती उरली आहे ना, ती तिच्या खऱ्या माणसाला द्यायची. त्याच्याकडची उचलायची, ती तिच्या माणसाला. असं मागे मागे यायचं.”

तसंच केलं. एका वेळी टेम्पोत एकच मूर्ती, ती सांभाळत सर, पुढे ड्रायव्हरशेजारी मी कागद घेऊन, मागे दिनेश आणि जनूकाका. काका घरी जायला तयारच होईनात. आपला गणपती मिळेपर्यंत हलणार नाही म्हणाले. प्रत्येक दारात सर चप्पल काढून आत जायचे, हात जोडून ‘चूक माझी’ म्हणायचे, एक मूर्ती ठेवायचे, एक उचलायचे. कोणी बोल लावले, कोणी लाडू हातावर ठेवला. दिवेलागणीला आम्ही ओळीतल्या दुसऱ्या माणसाच्या घरातून जनूकाकांची मूर्ती बाहेर आणली. पाटावर बसलेली, हातभरही नसेल, साध्या पिवळ्या पितांबराची. काकांनी फडक्याचं टोक उचलून बघितलं आणि लगेच झाकलं. “हाच,” एवढंच म्हणाले. मग एसटीत चढताना वळून सरांना म्हणाले, “मास्तर, तुमच्यापायी मला आक्ख्या पेणच्या गणपतींचं दर्शन झालं.”

काकू त्या दिवशी सरांना काही म्हणाल्या नाहीत. गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर चहा देताना म्हणाल्या, “तुमच्या यंत्राला शून्यापास्नं मोजू दे. पन गिऱ्हाईक एकापास्नं मोजतंय. आनि गणपती गिऱ्हाईकाच्या घरी जायचा हाय, यंत्राच्या नाय.” सर चहाकडे बघत राहिले. साय धरेपर्यंत बघत राहिले.

दिवाळीनंतर परीक्षा मंडळाचा कागद आला. ज्या क्लासमधले शिक्षक स्वतः वरची पायरी पास नसतील त्या क्लासची मान्यता येत्या जानेवारीच्या परीक्षेनंतर रद्द. सरांनी तो आम्हाला वाचून दाखवला, घडी घातली आणि पातळाखाली ठेवला. म्हणजे जानेवारीत सर पास झाले नाहीत तर क्लास बंद. मुंबई मला बंदच होती. माझ्या दोन्ही पायऱ्या राहिल्या होत्या, दिनेशच्या राहिल्या होत्या, आणि सरांना तर ह्या क्लासशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. कुठल्याशा कंपनीत ते पूर्वी कॉम्प्युटर खात्यात होते. ते खातं मुंबईला हललं तेव्हा सर मागे राहिले होते. आता पुन्हा मागे राहिले असते.

मग आम्ही सरांची तयारी घ्यायला लागलो. त्यांना विषय शिकवायची गरज नव्हती. गप्प बसायला शिकवायचं होतं. दिनेश परीक्षक व्हायचा. मुद्दाम चुकीचे प्रश्न काढायचा आणि नाकावर चष्मा असल्यासारखा बघायचा. सरांनी फक्त उत्तर द्यायचं. “पण प्रश्नच…” असं तोंडातून निघालं की एक चिंचोका दिनेशच्या डब्यात. पहिल्या आठवड्यात डबा भरला आणि सरांचे खिसे रिकामे झाले. गाडीत माझी पाळी. नागोठण्यापासून कासूपर्यंत मी प्रश्न विचारायचे आणि त्यांनी वाद न घालता उत्तरं द्यायची. बिचारे घामाघूम व्हायचे. एकदा चुकीच्या प्रश्नाला हवं ते उत्तर देऊन झाल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अहो, पण हे खोटं बोलणं झालं ना?”

उत्तर काकूंनी दिलं. त्या एका गणपतीच्या पायाशी उंदीर बसवत होत्या, भला थोरला. सर म्हणाले, काकू, एवढा मोठा उंदीर? काकू म्हणाल्या, “गिऱ्हाईकाला मोठा पायजे, मी मोठा देते. निळं धोतर पायजे, निळं देते. माझ्या मनासारखा वर्षाला एकच करते, तो घरचा. तुमचा तो पेपर तपासणारा गिऱ्हाईकच हाय, मास्तर. त्याला त्याचा द्या. तुमच्या मनातला घरी ठेवा.”

जानेवारीत पनवेलच्या एका कॉलेजात परीक्षा झाली. माझा आणि दिनेशचा खालच्या पायरीचा पेपर आधी सुटला. आम्ही फाटकाशी उभे. घंटा झाली, शेवटची पोरं बाहेर पडली, आणि सगळ्यांत मागून सर आले. चेहरा असा की विचारायची हिंमत होईना. गाडीत खिडकीशी जाऊन बसले. हमरापूरला दिनेश उतरला. जाताना त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, मी मान हलवली. पेण गेलं. कासूला गाडी थांबली, क्रॉसिंग. सर उठले आणि खाली उतरले. मी मागोमाग.

बाकावर बसून ते म्हणाले, “पहिलाच प्रश्न. दहा घरांची ओळ, आणि प्रोग्राम एकपासून दहापर्यंत मोजतो. पुढचे सगळे उपप्रश्न त्यावरच. पेपर काढणाऱ्याला वाटतं, पहिलं घर एक आणि शेवटचं दहा.”

सरांच्या आयुष्यभराच्या भांडणाचा प्रश्न, आणि तोच पहिला. “मग सर?”

“लेखणी टेकली होती. पुरवणी मागायला हातसुद्धा वर केला होता.” त्यांनी खिशातला खडू चाचपला. “मग जनूकाका आठवले. टेम्पोत मागे बसलेले. म्हटलं, आपण बरोबर असलो तरी ह्या पोरांचा गणपती घरी पोचायला हवा. मी एक लिहिलं.”

“एक लिहिलंत?”

“एक लिहिलं. सगळीकडे एक धरून लिहिलं. पेपर पुरा झाला.” त्यांनी खिशातून खडू काढला आणि त्या सिमेंटच्या बाकावर, आम्ही बसलो होतो त्या जागेच्या बाजूला, शून्यापासून नऊपर्यंत आकडे लिहिले. सावकाश, वळणदार. त्याखाली प्रश्नाचं खरं उत्तर लिहिलं. “कुठेतरी बरोबर लिहिलेलं असू द्यावं,” म्हणाले. मला रडू आलं. त्यांना कळू नये म्हणून मी समोरून येणाऱ्या गाडीकडे बघत राहिले. ह्या माणसाने आपल्यासाठी काय सोडलं, हे मला तेव्हा लख्ख कळलं होतं.

सर पास झाले. पहिला वर्ग वगैरे नाही, नुसते पास. दिनेशने पेढे आणले. क्लासची मान्यता राहिली. सरांनी सर्टिफिकेट कपाटात टाकलं आणि त्या दिवशीही नेहमीसारखं विचारलं, “कालचा प्रोग्राम कोणी माणसांवर चालवला?” पुढल्या वर्षभरात माझी वरची पायरी झाली, दिनेशचीही. आज माझ्या हाताखाली पोरंपोरी काम करतात आणि मी त्यांना ‘अहो’ म्हणते, ती हसतात.

पण मला सांगायची आहे ती पुढल्या गणपतीची गोष्ट.

श्रावणात सर काकूंना म्हणाले, ह्या खेपेला मी प्रोग्राम बदलून देतो, एकपासून मोजेल असा करतो. काकू म्हणाल्या, “हात लावायचा नाय. नावं सांगत्ये ती घाला.” आणि पहिलं नाव त्यांनी सरांचं सांगितलं. सर म्हणाले, मी कुठे बयाणा दिलाय? आमच्या घरी तर दीड दिवसाचा, रोह्यालाच घेतो. काकू म्हणाल्या, “घाला म्हनते ना!” दुसरं नाव जनार्दन पाटील. मग बाकीचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही खाली उतरलो. सर वरून खालच्या पायरीपर्यंत उलटे मोजत आले. “तीन, दोन, एक, शून्य.” समोर काकू उभ्या. त्यांच्या हातात पाटावरची लहानशी मूर्ती, तोंडावर फडकं. पाटाच्या मागे दिनेशच्या अक्षरातली चिठ्ठी, तिच्यावर एक गोल. एवढंच.

“ह्या वर्षी माझ्या मनासारखे दोन केले,” काकू म्हणाल्या. “मास्तर, पोरीनं सांगितलं मला, तुम्ही पोरांसाठी एक लिवलात. आमी तुमच्यासाठी शून्य लिवलं. आता यंत्राचं नि गिऱ्हाईकाचं जमतंय काय बगा.”

सरांनी कागद बघितला. शून्य, ते स्वतः. एक, जनूकाका, आणि जनूकाकांच्या मूर्तीवरही एक. दोनला दोन, तीनला तीन, शेवटपर्यंत. प्रोग्रामचं एक अक्षरही बदललं नव्हतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. “अहो काकू,” एवढंच त्यांना म्हणता आलं.

गाडीत ते मूर्ती मांडीवर घेऊन बसले. कासूला गाडी थांबली. मी उठले, ते उठले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“सर, उतरायचं नाही?”

त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठीवरून हळूच अंगठा फिरवला. बाहेर बाकावर कोणी तरी बसलं होतं, समोरच्या गाडीचा अजून पत्ता नव्हता.

“आज कोणीतरी त्या पहिल्या खोलीचं दार ठोठावलं,” सर म्हणाले.